कन्हानच्या पुलावरचा वारा

गोपिका पडली ती सक्करदऱ्याच्या तलावाकाठी, भर उजेडात, कोरड्या रस्त्यावर. तिला कुणी धक्का दिला नव्हता, आडवं कुत्रं आलं नव्हतं, खड्डाही नव्हता. घरांची ओळ संपली, तलावाची मोकळी जागा सुरू झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सायकलचं पुढचं चाक गर्रकन वळलं. कुणी समोर येऊन हँडल हातात धरावं आणि फिरवावं, तसं. पोरगी रस्त्याच्या मधोमध, आणि मागून विटांचा ट्रक. ट्रक थांबला तेव्हा त्याचा टायर तिच्या वेणीपासून हातभर लांब होता. ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून आमच्या खानदानाचा उद्धार केला. मी त्याला हात जोडले. शिव्या देणाऱ्याला इतक्या मनापासून मी त्याआधी कधी हात जोडले नव्हते.

"काई नाई झालं, माय," गोपिका कोपर झाडत म्हणाली. "वारा होता."

जशी काही वाऱ्याची आणि आमची जुनी ओळख होती!

गोपिका माझी एकुलती एक, एकोणीस वर्षांची. चंपतरावांच्या क्लबकडून ती सायकलच्या शर्यती खेळायची. चंपतरावांचं सायकलचं दुकान होतं, एक टेम्पो होता, आणि आपल्या क्लबातली पोरगी रेल्वेच्या संघात गेलेली पाहायची, एवढा एकच नाद होता. रेल्वेत गेली की नोकरी पक्की. मे महिन्यात नागपूर ते मनसर अशी शर्यत होणार होती आणि रेल्वेची माणसं तिथून पोरी निवडणार होती. ही शर्यत घोळक्यानं धावायची नसते. एक पोरगी निघाली की मिनिटानं दुसरी निघते. जिला वेळ कमी लागेल ती जिंकली. रस्त्यावर जो तो एकटा, सोबतीला फक्त घड्याळ आणि वारा.

म्हणून तर ती चाकं आली. चंपतरावांनी ऑलिंपिकचा एक फोटो कुठूनसा मिळवला होता. त्यातल्या सायकलींना तारा दिसतच नव्हत्या. चाक म्हणजे अख्खी ताटली. तारा हवा घुसळतात आणि वेग खातात, ताटली हवा कापत जाते, असं चंपतराव म्हणाले. ती परदेशी ताटली आणायची ऐपत आमच्या सात पिढ्यांत नव्हती. पण आमच्या घरात नत्थूजी होते.

नत्थूजी म्हणजे गोपिकेचे वडील. आम्ही तांडापेठेतले कोष्टी. त्यांचा माग दोन वर्षांपूर्वी विकला गेला आणि ते एका गोदामावर पहारा करायला लागले, पण हात मागावरचेच राहिले. त्यांनी माझं एक जुनं लुगडं फाडलं, चाकाच्या दोन्ही बाजूंना तारांवर ताणून शिवलं आणि वरून खळ लावली. आटवलेली, घट्ट खळ, चार वेळा. वाळल्यावर चाक टिचकी मारली की ढोलकीसारखं बोलायचं. मागचं एक, पुढचं एक.

"माह्या हातचं कापड ढिलं पडलं असं कोनी म्हनून दाखवावं," ते म्हणाले. खरंच होतं. आमच्या घरातून बिनखळीचं कापड कधी बाहेर गेलं नाही. सासूबाई तर म्हणायच्या, लुळं कापड लोकांच्या हाती देणं म्हणजे पोरीला परकरावर बाजारात पाठवणं. खळीचा वास आमच्या भिंतींना होता, भांड्यांना होता. आम्हाला तो येत नसे. पाहुणे आले की सांगायचे, तेव्हा आठवायचा.

त्या ताटल्यांवर गोपिका पाखरासारखी जायला लागली. आणि सक्करदऱ्याला पडली.

त्या दिवसापासून मला वारा दिसायला लागला. आधी दिसत नव्हता. आता शेजारच्या दोरीवरचं धोतर फुगलं की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडं पाहायचे. चौकात वावटळ उठली, पत्रावळी गोल फिरल्या, की मी गोपिकेची वेळ मोजत दारात उभी. झाडाचं पान हललं नाही तर वाटायचं, आता कुठूनतरी एकदम येणार. नत्थूजी म्हणायचे, "वाऱ्यानं मानूस मरत असता तं नागपुरात कोनी उरलं असतं का वं?" मी म्हणायचे, "तुमी पहारा करा गोदामाचा. पोरीचा मी करतो."

पुढचं चाक साधं लावा, एवढंच माझं म्हणणं होतं. गोपिका ऐकेना. "दोनी चाकं बंद असली तरच वेळ वाचते, माय. बाकीच्या पोट्टींच्या सायकली माह्यापेक्षा भारी हायेत. माह्यापाशी हेच हाय."

शेवटी भांडण सोडवायला केशव आला. केशव माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दीर-जाऊ लवकर गेले, तो आमच्याच मागाखाली रांगला. पुढं इंजिनिअर झाला, आणि आता एका कॉलेजात शिकवायचा. तिथं कॉम्प्युटर आला होता. तो गारव्याच्या खोलीत ठेवलेला असे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. नत्थूजी एकदा पाहून आले आणि म्हणाले, घंटा तेवढी नाही, बाकी देऊळच. मात्र आत पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून हिशेब टाकतात हे पाहून त्यांचा एकदम विश्वास बसला. काठाची नक्षी विणायला मागावर तसेच भोकांचे पुठ्ठे लागायचे. "आपल्याच जातीचं हाय ते यंत्र," असं त्यांनी जाहीर केलं.

केशवनं मला समजावून सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तो शाळेत असताना त्याचे धडे मीच ऐकून घ्यायची, त्यामुळे त्याला माझ्याशी बोलायची सवय होती.

"काकू, चाकाचे मी बारके बारके चौकोन पाडले. काठाची नक्षी आपन चौकटीच्या कागदावर उतरवतो ना, तसे. मंग एकेका चौकोनावर वारा किती दाबते ते कॉम्प्युटर काढते, अन् सगळ्याची बेरीज करते. खरं चाक नाई, खरा वारा नाई. पोट्टी घरी बसून, अन् शर्यत कागदावर."

"मंग ती पडली काहून?"

"वारा कडेनं आला की बंद चाकाच्या पुढच्या अर्ध्यावर जोर जास्त बसते, मागच्या अर्ध्यावर कमी. म्हनून चाक वळते. मागचं चाक तर वळूच शकत नाई, ते राहू द्या. भेव पुढच्याचं." मग तो थांबला आणि म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. सारखा वाहनारा वारा पाडत नाई. त्याच्या अंगावर मानूस आपोआप रेलते. आडोसा संपते अन् वारा एकदम येते, तो पाडते. घरांची ओळ संपली तेथीच पडली ना ती?"

तिथंच पडली होती.  कागदावरच्या चौकोनांना सक्करदरा कसा काय ठाऊक?

"मनसरच्या रस्त्यावर असं कोठी होईन?" मी विचारलं.

केशव आणि गोपिका दोघंही एकदम म्हणाले, "कन्हानच्या पुलावर."

कामठीच्या पुढं कन्हान नदी आहे. पुलाआधी रस्त्याला कडुलिंब आणि दुकानांच्या भिंती. त्या संपतात आणि पूल सुरू होतो. खाली नदीचं उघडं पात्र, डावीकडून येणारा वारा, उजवीकडून समोर येणारे ट्रक, आणि बाजूला कमरेएवढा कठडा.

"तेथी वारा किती हाय ते समजलं की कॉम्प्युटर सांगीन, पुढचं चाक बंद ठेवायचं का उघडं," केशव म्हणाला. "सांगीन तसं करायचं. कबूल?"

गोपिका कबूल झाली. मीही झाले. मला वाटलं होतं, ते यंत्र माझ्या बाजूनं बोलेल.

वारा मोजायला केशवनं पत्र्याचा अर्धगोल कापला आणि त्याच्या मध्याला माझ्या त्याच लुगड्याची एक अरुंद पट्टी लटकवली. वारा आला की पट्टी उचलली जाणार, जितका जोर तितकी वर. पहाटे वारं पडलेलं असताना चंपतरावांनी टेम्पो हाकला. टेम्पो वीसच्या वेगानं गेला की पट्टी कुठवर उठते, तीसनं कुठवर, चाळीसनं कुठवर, अशा खुणा केशवनं पत्र्यावर खिळ्यानं कोरल्या. गोपिका मागं बसून हसत होती. "दादाचा कॉम्प्युटर गारव्यात, अन् आपला चिंधीचा."

घरी आल्यावर नत्थूजींनी ती पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. धुऊन धुऊन मऊ झालेली, कडा सुटलेल्या. "हे घेऊन जाशीन पुलावर? लोक पाहतीन. प्रोफेसर मानूस तू, अन् हातात हे पोतेरं?" त्यांनी लगेच दुसरी पट्टी केली. त्याच लुगड्याची, तितक्याच लांबीची, तितक्याच रुंदीची, वीत लावून मापलेली. कडा दुमडून शिवल्या. आणि खळ लावली. ते सांगायचीही गरज नाही, आम्ही श्वास घेतो तशी ते खळ लावतात. केशवनं ती हातात घेतली, मापली, "बरोबर हाय काका," म्हणाला आणि पत्र्यावर लावली. जुनी पट्टी मी उचलून डब्याला बांधायला ठेवली. चांगलं मऊ कापड, गाठ छान बसते.

आठवडाभर केशव सकाळची बस धरून कन्हानला जायचा आणि पुलाच्या तोंडाशी पत्रा धरून उभा राहायचा. लोक विचारायचे, नवा पूल होऊन राहिला का? मग कॉलेजात त्यानं पत्त्यांची गड्डी यंत्रात घातली, आणि एका दुपारी घडीघडीचा लांब कागद घेऊन आमच्याकडे आला. कागद खाटेवरून जमिनीवर उतरून दारापर्यंत गेला. सगळे आकडेच आकडे. त्यानं एका जागी बोट ठेवलं.

"पुलावरचा वारा एकदम आला तरी हँडलले बसनारी ओढ हाताच्या ताकदीत हाय. गोपिके, दोनी चाकं बंद. कॉम्प्युटर म्हनते, जा."

गोपिकेनं अंगणात उडी मारली. नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवला. मी त्या आकड्यांकडं पाहत राहिले. माझं भय त्यांनी पुसायला हवं होतं. नाही पुसलं गेलं, पण भिण्याचा अधिकार मात्र गेला. घरात यंत्रानं एकदा जा म्हटल्यावर आईनं नको म्हणून काय होतं?

शर्यतीच्या सकाळी गोपिकेनं माझा हात धरला. "माय, तू मागं टेम्पोत राहशीन. मले ठाऊक हाय तू कशी हाय ते. रस्त्यात काई झालं तरी मले थांबवजो नको. तुले माही आन."

मी आन घेतली. कागद दारापर्यंत पसरलेला पाहिला होता ना!

आयोजकांनी आधी पोरं सोडली. पोरी शेवटी. घरात शेवटी जेवतात, रस्त्यावर शेवटी पळतात. गोपिकेचा नंबर येईपर्यंत ऊन तापलं आणि वारा उठला. इंदोऱ्याच्या चौकातला कापडी फलक पोट पुढं काढून उभा होता. केशव मनसरला पुढं गेला होता, घड्याळ घेऊन. टेम्पो चंपतराव चालवत होते. मागं आम्ही दोघं नवरा-बायको, पाण्याची बाटली, डबा, आणि उघड्या तारांची दोन चाकं. रस्त्यात चाक बदलायची परवानगी असते, वेळ मात्र आपला जातो. नत्थूजींनी तो पत्रा टेम्पोच्या डाव्या दांड्याला तारेनं बांधला होता, खळीची पट्टी लावून. "पाहू तं खरं, कॉम्प्युटर किती खरा बोलते."

गोपिका सुटली. पाठ सपाट, कोपरं आत, आणि दोन पांढऱ्या ताटल्या. कामठीपर्यंत दोन्हीकडं वस्ती होती, आडोसा होता. तिच्या आधी सुटलेली पोरगी तिनं गाठली, मागं टाकली. चंपतराव खिडकीतून घड्याळ नाचवत ओरडले, "नत्थूजी, एक मिनिट आगे हाय! एक मिनिट!" नत्थूजी टाळ्या वाजवत होते. मीही एक वाजवली.

कामठी मागं पडली. मला वाटलं, पुलानंतर तिला साखर-लिंबाचं पाणी द्यावं, लिंबं डब्यात होती. मी डब्याची गाठ सोडली. टेम्पो हादरत होता, ती जुनी पट्टी उडून जाईल म्हणून मी ती दांड्यालाच बांधली, हाताला सगळ्यात जवळ जी जागा होती तिथं. पत्र्याच्या शेजारी.

आणि ती उठली.

मी आधी लिंबं काढली. मग पुन्हा पाहिलं. एकाच दांड्याला, एकाच वाऱ्यात, दोन पट्ट्या. नवी वीस आणि तीसच्या खुणांमध्ये लटकत होती, ताठ, सभ्य, घरंदाज. जुनी चाळीसच्याही वर जाऊन फडफडत होती.

एकाच लुगड्याच्या. एकाच मापाच्या.

 मी नत्थूजींचा दंड धरला आणि बोट दाखवलं. ते अजून हसत होते. हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी हात लांब करून नवी पट्टी दोन बोटांत चुरगाळली. खळीचा कोंडा त्यांच्या बोटांना लागला.

"खळ," ते म्हणाले.

खुणा मऊ पट्टीवर कोरल्या होत्या. वारा खळीच्या पट्टीनं मोजला होता. ती वजनानं भारी, अंगानं ताठ, ती अर्धी उठली आणि केशवनं अर्धा वारा लिहिला. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमच्या घरात कापड असतंच तसं. कॉम्प्युटरनं आपल्याला सांगितलेल्या वाऱ्याचा हिशेब चोख केला होता. पण पुलावर तो वारा नव्हताच. पुलावर हा होता, आणि पूल आता चार मैलसुद्धा दूर नव्हता.

मी टेम्पोच्या टपावर थापा मारल्या.

"काय झालं, वैनी?"

"पोट्टीले थांबवा! पुलाच्या आधी!"

"येड लागलं का? आगे हाय ती!"

"मोजलेला वारा खोटा हाय! चाक फिरवीन तिले!"

चंपतरावांना काही कळलं नसावं, पण माझा आवाज कळला. "मंग असं करतो," ते ओरडले, "पुलावर गाडी तिच्या डाव्या अंगाले घेतो. आडोसा देतो. थांबवाची गरज नाई!"

क्षणभर मला ते देवासारखं वाटलं. तिच्या आणि वाऱ्याच्या मध्ये उभं राहायचं, दुसरं काय हवं असतं आईला? आणि मग केशवचं बोलणं पोटातून वर आलं. आडोसा संपते, तो पाडते. टेम्पो एक हात जरी पुढंमागं झाला, समोरून ट्रक आला आणि चंपतरावांना ब्रेक दाबावा लागला, तर सगळा वारा तिच्यावर एकदम येणार. आम्हीच आणून टाकणार.

"आडोसा नका देऊ!" मी घसा फोडून ओरडले. "तिच्या जवळ जाऊ नका! उजवीकडून पुढं काढा, अन् पुलाच्या तोंडाशी थांबवा!"

"चंपत, ती म्हनते तसं कर!" नत्थूजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रावाशिवाय हाक मारली.

टेम्पो तिच्या उजवीकडून, लांबून पुढं गेला. गोपिकेनं मान न वळवता हातानं आम्हाला झटकलं. माशी हाकलावी तसं. पांढरी ताटली उन्हात चमकत होती. तीच ताटली, माझ्याच लुगड्याची. त्या लुगड्यात मी तिला अंगावर घेतलं होतं.

शेवटच्या कडुलिंबाखाली टेम्पो थांबला. पुढं पूल. नत्थूजी उघडं चाक घेऊन उतरले, मी दांड्यावरच्या दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या. रस्त्यावर आडवं उभं राहावं असं वाटत होतं, पण तिनं वाचवायला हँडल वळवलं असतं तर? मी कडेला उभी राहिले. सावलीच्या बाहेर, जिथं वारा लागत होता तिथं. दोन्ही हात वर केले, दोन्ही हातांत एकेक पट्टी. एक लटकलेली, एक आडवी उडणारी. ओरडायला गेले तर आवाजच निघाला नाही. आन घातली होती ना तिनं. तोंड जणू तिनं बंद करून ठेवलं होतं.

ती आली. मला पाहिलं. तोंडानं काहीतरी शिवीसारखं बोलली, वाऱ्यात ते ऐकू आलं नाही. आणि माझ्या समोरून निघून गेली.

पुढच्या गोष्टी मी पाहिल्या, पण त्या माझ्या डोळ्यांत सरळ लागत नाहीत. भिंत संपली. तिच्या पाठीवरची बंडी एकदम उजवीकडं ताणली गेली. पुढचं चाक वळलं, तेच वळणं, सक्करदऱ्याचं. समोरून भोंगा वाजवत एक ट्रक पुलावरून येत होता. सायकल रस्त्याच्या मध्याकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. ती हँडलशी झुंजत होती, पाय थांबलेले होते. मग ट्रक मध्ये आला आणि मला ती दिसेना.

ट्रक माझ्यापाशी आला, गेला. त्याच्या मागं धूळ, आणि धुळीत कठड्याला टेकून गोपिका उभी. एक पाय जमिनीवर. हँडल दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलेलं की नत्थूजींना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ती रडत होती, रागानं. "काहून थांबवलं मले! काहून! जिंकत होतो मी!"

नत्थूजी गुडघ्यावर बसून नट सोडत होते. त्यांचे हात तुटलेला धागा क्षणात जोडणारे, पण त्या दिवशी नट त्यांच्या बोटांतून दोनदा पडला. उघडं चाक बसलं. तिनं नाक पुसलं, सायकलवर बसली आणि गेली. मी पुलाच्या तोंडाशी उभी राहून ती पलीकडं पोचेपर्यंत पाहिलं. वारा तारांतून आरपार जात होता. तिच्याही कुशीत बसत होता, ती डावीकडं रेलून चालली होती. पडली नाही.

मनसरला ती चौथी आली. रेल्वेवाल्यांनी तीन पोरी घेतल्या.

केशवला मी दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकदा पट्ट्यांकडं, एकदा गोपिकेकडं पाहिलं आणि सावलीत जाऊन मटकन बसला. चंपतराव घड्याळ खिशात घालून टेम्पोत जाऊन बसले.

परत येताना कन्हानच्या अलीकडं नत्थूजींनी टेम्पो थांबवायला सांगितला. ते एकटेच काठावरून पाण्यापर्यंत उतरले. मला वाटलं, तोंड धुताहेत. वरून पाहिलं तर नवी पट्टी पाण्यात बुडवून दगडावर घासत होते. खळ काढत होते. चाळीस वर्षं खळ लावणारा माणूस.

गोपिका दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती. ती टेम्पोतून उतरली, कठड्यावर आपटलेल्या पायानं लंगडत खाली गेली आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं. बापलेकीनं मिळून पिळली. मग तिनं माझ्या हातातली जुनी पट्टी मागून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि हात उंच केला. वारा अजून होताच. पट्ट्या उठल्या. नवी ओली होती, जरा खाली राहिली.

"वाळू दे तिले," नत्थूजी म्हणाले.

आम्ही तिघं काठावर बसलो. पट्टी वाळत आली तेव्हा गोपिका म्हणाली, "तू दिसली तं मले आधी हसू आलं, माय. दोन चिंध्या घेऊन उभी. मंग दिसलं, एक आडवी हाय अन् एक उभी. तेवढ्यानं पाय थांबले माहे. थांबले नसते तं..."  

"आन मोडली मी तुही," मी म्हटलं.

"मोडली तं मोडली." तिनं पट्ट्या पुन्हा वर धरल्या. आता दोन्ही एका रेषेत उडत होत्या. "केशवदादाले म्हना, या पट्टीनं वारा मोज अन् पुन्हा टाक कॉम्प्युटरात. पुढच्या सालीबी शर्यत हाय. पुढच्या चाकाचं बाबा काईतरी करतीन."

 पुलावरून एक ट्रक गेला, धूळ आमच्या अंगावर आली.

"मोजायले या वेळी मीबी येतो," मी म्हटलं. "अन् पट्टी माह्या हातात राहीन. कोष्ट्याच्या नाई."